खेळ बदला, पण खरे कारण वेळेवर सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन व्हिडिओ गेममध्ये एखादा नकोसा बदल झाला आणि खेळाडूंनी त्यावरून गदारोळ केला, की बहुतेक वृत्तपत्रांत त्याची बातमी एकाच साच्यात येते: कंपनीने अमुक बदल केला, चाहते संतापले, कंपनीने माफी मागितली किंवा निर्णय मागे घेतला. अशी बातमी खोटी नसते. मात्र ती वाचून गेम न खेळणाऱ्याचा समज असा होतो की ही हट्टी मंडळी आहेत, त्यांना कोणताच बदल सहन होत नाही आणि आरडाओरडा करून ती कंपन्यांना वाकवतात. गेली अनेक वर्षे असे खेळ खेळत आलेली आणि त्यांच्या घोषणा बारकाईने वाचत आलेली व्यक्ती म्हणून मला या समजावर हरकत घ्यायची आहे. मोठे उद्रेक ज्या ज्या वेळी झाले, त्यांतील बहुतेक वेळी मूळ बदलापेक्षा तो कसा सांगितला गेला हेच अधिक लागले होते. कधी खरे कारण लपवून त्याजागी खेळाडूंच्याच हिताची भाषा वापरली गेली, तर कधी निर्णय आधीच झालेला असूनही पैसे जमा होईपर्यंत तो सांगितला गेला नाही.

बदल अटळ असतात, हे प्रथम मान्य केले पाहिजे. हजारो माणसे एकाच वेळी खेळत असलेल्या खेळात एखादे शस्त्र किंवा पात्र वाजवीपेक्षा प्रबळ ठरले, की बाकी सगळी निरुपयोगी होतात आणि प्रत्येक सामना सारखाच दिसू लागतो. अशा वेळी त्याची ताकद कमी करावी लागते, ज्याला खेळाडू ‘नर्फ’ म्हणतात. ते शस्त्र मिळवण्यासाठी ज्याने महिनोन्महिने घालवलेले असतात, त्याचे यात खरोखर नुकसान होते आणि तरीही खेळाच्या दृष्टीने तो बदल योग्य असू शकतो. सर्व्हर चालवायला पैसा लागतो, काम करणाऱ्यांना पगार द्यावा लागतो, म्हणून दर वाढतात, सवलती बंद होतात. सगळ्यांना आवडेल असाच बदल करायचा ठरवले तर कोणताही खेळ वर्षभरही टिकणार नाही. त्यामुळे लोकप्रिय नसलेले निर्णय घेऊ नयेत, अशी मागणी मी करत नाही. घेतलेला निर्णय सांगण्याची एक जबाबदारी असते आणि ती अनेकदा पाळली जात नाही, एवढेच दाखवायचे आहे.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ हा खेळ नोव्हेंबर २०१७मध्ये बाजारात आला, तेव्हाची घटना बहुतेकांना ऐकून माहीत असते, पण तिचे तपशील क्वचितच सांगितले जातात. खेळाची पूर्ण किंमत मोजल्यावरही डार्थ व्हेडर किंवा ल्यूक स्कायवॉकर यांसारखी पात्रे बंद ठेवलेली होती. ती उघडण्यासाठी प्रत्येकी ६०,००० क्रेडिट्स (खेळातले चलन) लागत आणि एका पात्रासाठी सुमारे ४० तास खेळावे लागेल, असा हिशेब खेळाडूंनीच मांडून दाखवला. त्याच वेळी प्रगतीचा वेग पैसे भरून विकत घेतलेल्या लूट बॉक्सवर, म्हणजे आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या पेट्यांवर, अवलंबून होता. म्हणजे वाट जितकी लांब, तितकी पैसे भरण्याची इच्छा अधिक, हे कोणालाही दिसत होते. पैसे भरूनही व्हेडर बंदच आहे, ही एका खेळाडूची तक्रार रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर आली. तिला कंपनीने दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की पात्रे स्वकष्टाने मिळवल्याचा अभिमान आणि काही साध्य केल्याचे समाधान खेळाडूंना मिळावे, हा या रचनेमागचा हेतू आहे. त्या उत्तराला साडेसहा लाखांहून अधिक नापसंतीची मते पडली आणि रेडिटवरील सर्वाधिक नापसंत प्रतिक्रिया म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद झाली.

नापसंतीच्या त्या आकड्यावर सगळे थांबतात, पण मला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याच दिवशी कंपनीने पात्रांची किंमत ७५ टक्क्यांनी कमी केल्याचे जाहीर केले. ६०,०००चे १५,००० झाले. पण कथानकाचा भाग पूर्ण केल्यावर मिळणारे बक्षीसही २०,००० क्रेडिट्सवरून ५,०००वर आणले गेले होते. किंमत कमी केल्याची बातमी ठळकपणे दिली गेली आणि बक्षीस घटल्याचे खेळाडूंना स्वतःहून शोधावे लागले. त्या क्षणी कंपनीच्या उरलेल्या शब्दांवरचाही विश्वास गेला. अखेर प्रकाशनाच्या आदल्या दिवशी खेळातील सर्व खरेदी बंद करावी लागली. पुढच्या वर्षी प्रगती आणि पैसा यांची पूर्ण फारकत करून केवळ पोशाख विकायला ठेवले गेले, तेव्हा तोच खेळ लोक आनंदाने खेळू लागले आणि २०२०पर्यंत त्यात नवी भर पडत राहिली. लूट बॉक्समधून उत्पन्न मिळवायचे आहे, असे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले असते तर विरोध झालाच नसता असे मी म्हणत नाही. कदाचित मोठाच विरोध झाला असता. पण तो एका व्यापारी निर्णयाला झालेला विरोध असता. ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांच्याच बुद्धीचा अपमान केला, ही भावना त्यात नसती.

लपवण्याचा याहूनही गंभीर प्रकार म्हणजे पडद्यावर एक आकडा दाखवणे आणि आत दुसरा मोजणे. त्याच नोव्हेंबर २०१७मध्ये बंगी या स्टुडिओच्या ‘डेस्टिनी २’मध्ये हे घडले. कमाल पातळी गाठल्यावर अनुभवाचे ठरावीक गुण जमले की खेळाडूला एक बक्षीस मिळे आणि तेच बक्षीस खरे पैसे देऊनही घेता येई. काही खेळाडूंनी घड्याळ लावून, नोंदी ठेवून दाखवून दिले की एकच काम वारंवार केले तर प्रत्यक्ष जमा होणारे गुण पडद्यावर दिसणाऱ्या गुणांपेक्षा कमी असतात. स्टुडिओने हे मान्य केले आणि ती कपात बंद केल्याचे जाहीर केले. पण त्यानंतर लगेचच लक्षात आले की एका बक्षिसासाठी लागणारे गुण ८०,०००वरून १,६०,००० झाले आहेत आणि याचा घोषणेत उल्लेखच नव्हता. एक चूक सुधारल्याची घोषणा करताना दुसरा बदल गाळणे, हे मला निव्वळ अनवधान वाटत नाही. संस्थेत एखादा बदल जाहीर करायचा की नाही, हे तो कोणाला बोचेल यावरून ठरत असले तर असेच होणार.

प्रत्येक अपडेटबरोबर बदलांची जी यादी येते, तिला ‘पॅच नोट्स’ म्हणतात. खेळाडू आणि कंपनी यांच्यातला तो एकमेव नियमित दस्तऐवज असतो. त्यात जुना आकडा आणि नवा आकडा शेजारीशेजारी छापणे, तो का बदलला याची दोन वाक्ये लिहिणे आणि काहीही न वगळणे याला फारसा खर्च येत नाही. ज्या खेळांत हे नियमाने होते, तेथे खेळाडू कडाडून भांडतात खरे, पण ते आकड्यांवर भांडतात. अमुक शस्त्राचा मारा कमी केला तो जरा जास्तच झाला, अशा स्वरूपाचे ते भांडण असते आणि त्यातून डेव्हलपरांना, म्हणजे खेळ बनवणाऱ्यांना, उपयोगी माहिती मिळते. ‘किरकोळ सुधारणा व दुरुस्त्या’ या एका ओळीखाली मोठे बदल दडपले गेले की खेळाडू हेरगिरी करू लागतात, प्रत्येक अपडेटनंतर फाइली उघडून पाहतात आणि मग नसलेली कारस्थानेही त्यांना दिसू लागतात.

कारणाइतकीच वेळ महत्त्वाची असते, आणि याबाबतीत खेळ बनवणाऱ्या कंपन्यांचा इतिहास मला अधिक खेदजनक वाटतो. ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ या खेळाचे एक एक्स्पान्शन, म्हणजे मूळ खेळाला जोडून वेगळी विकली जाणारी मोठी भर, १ नोव्हेंबर २००५ रोजी विक्रीला आले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत जाहीर झाले की संपूर्ण खेळाची रचनाच बदलणार आहे, आणि त्याच महिन्याच्या मध्यावर ती बदललीही. पात्रांसाठीच्या तीसहून अधिक व्यवसायांच्या जागी नऊ उरले. वर्षानुवर्षे घडवलेली पात्रे ओळखू येईनाशी झाली. एवढा मोठा बदल काही दिवसांत तयार होत नाही. एक्स्पान्शन विकले जात असताना तो तयार होता, हे उघड होते. कंपनीला एक्स्पान्शनचे पैसे परत करण्याची तयारी दाखवावी लागली. खेळ २०११मध्ये बंद झाला, पण ती घटना जुने खेळाडू अजून विसरलेले नाहीत. बदल चांगला होता की वाईट, यावर आजही दोन मते सापडतील. मात्र विकत घेणाऱ्याला काय मिळणार हे विकणाऱ्याला माहीत असूनही सांगितले गेले नाही, यावर दोन मते नाहीत.

‘हेलडायव्हर्स २’चे प्रकरण तर ताजे आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेला हा खेळ प्रचंड खपला. ३ मे रोजी सोनीने जाहीर केले की स्टीम या संगणकावरील खेळांच्या ऑनलाइन दुकानातून तो विकत घेतलेल्यांनाही आपले खाते प्लेस्टेशन नेटवर्क या सोनीच्या ऑनलाइन सेवेच्या खात्याशी जोडावे लागेल. विक्रीच्या पानावर या अटीचा उल्लेख होता, पण सुरुवातीच्या काळात सर्व्हरवर ताण आल्यामुळे ती पाळणे ऐच्छिक ठेवले गेले होते. त्यामुळे लाखो लोक ती ओलांडून तीन महिने खेळले. शिवाय जगातील १७०हून अधिक देश-प्रदेशांत ही प्लेस्टेशनची सेवा अधिकृतपणे उपलब्धच नव्हती, तरी तेथेही खेळ विकला गेला होता. दोन लाखांहून अधिक नकारात्मक अभिप्राय स्टीमवर जमा झाले आणि तीन दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. खेळ बनवणाऱ्या स्टुडिओच्या प्रमुखांनी त्यानंतर उघडपणे मान्य केले की ही अट सक्तीची होणार हे त्यांना प्रकाशनाच्या सुमारे सहा महिने आधीपासून ठाऊक होते आणि ते खेळाडूंना नीट सांगितले गेले नाही. ही कबुली देण्याचा प्रामाणिकपणा मला आदरास पात्र वाटतो. तेच वाक्य फेब्रुवारीत, खेळ सुरू होताना पहिल्याच पडद्यावर आले असते तर ज्यांच्या देशात ती सेवा नाही त्यांनी खेळ घेतलाच नसता. विक्री काहीशी कमी झाली असती, आणि वाद एवढा पेटला नसता.

या मालिकेतला सर्वांत टोकाचा बदल म्हणजे खेळच बंद होणे. युबिसॉफ्टचा २०१४चा ‘द क्रू’ हा खेळ सर्व्हरशिवाय चालत नसे. डिसेंबर २०२३मध्ये तो विक्रीतून काढल्याची आणि बंद होणार असल्याची घोषणा एकत्रच झाली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर थांबले. ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांच्याकडे काहीही उरले नाही. यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघातील तिच्या नागरिक-पुढाकाराला जुलै २०२५मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा पार करता आला. सर्व्हर कायम चालू ठेवा, असे या मोहिमेचे म्हणणे नाही. पाठिंबा संपताना खेळ कोणत्या ना कोणत्या रूपात चालू राहील अशी सोय करा, एवढेच ती मागते. त्याच्याही आधी निदान विकतानाच मुदत सांगा, ही मागणी मला रास्त वाटते.

आता चांगल्या उदाहरणांकडे वळते, कारण ती नसती तर हे पत्र लिहिण्यात अर्थ नव्हता. ‘फायनल फँटसी १४’ हा खेळ सप्टेंबर २०१०मध्ये आला तेव्हा इतका सदोष होता की स्क्वेअर एनिक्सने काही महिन्यांतच माफी मागितली, मासिक शुल्क घेणे थांबवले आणि डिसेंबरमध्ये प्रमुख बदलून नाओकी योशिदा यांच्याकडे काम सोपवले. योशिदा यांनी खेळाडूंना ‘निर्मात्याचे पत्र’ लिहायला सुरुवात केली. पुढे ती पत्रे थेट प्रक्षेपणाच्या रूपात येऊ लागली. त्यांत काय तुटले आहे, काय दुरुस्त होईल आणि काय होणार नाही, हे सांगितले जाई. जुना खेळ नोव्हेंबर २०१२मध्ये पूर्ण बंद करून ऑगस्ट २०१३मध्ये नव्याने उभा केला गेला. चालू खेळ बंद करण्यासारखी नकोशी बातमी दुसरी नसेल, पण ती ऐकणाऱ्यांना आधीची दोन वर्षे सगळे सांगितले जात होते.

त्याच खेळाची २०२१ची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. ‘एंडवॉकर’ हे एक्स्पान्शन २३ नोव्हेंबरला यायचे होते. ते दोन आठवडे पुढे गेल्याचे योशिदा यांनी स्वतः प्रक्षेपणात येऊन सांगितले. दर्जा अधिक सुधारण्याची इच्छा आपली होती, म्हणून उशिराची जबाबदारीही आपली, असे सांगताना त्यांना गहिवरून आले. प्रकाशनानंतर गर्दी एवढी झाली की लोकांना आत शिरण्यासाठी तासन्‌तास रांगेत थांबावे लागले. तेव्हा जगभरातील सेमीकंडक्टरच्या टंचाईमुळे नवे सर्व्हर मिळत नाहीत, हे कारण तांत्रिक तपशिलांसह लिहून दिले गेले, शुल्क भरलेल्यांना मोफत दिवस वाढवून दिले गेले आणि डिसेंबरच्या मध्यापासून काही काळ खेळाची विक्रीच थांबवली गेली. वर्षातील सर्वांत मोठ्या मागणीच्या काळात आपला माल न विकण्याचा निर्णय घेणारी कंपनी ‘तुमची गैरसोय आम्हाला कळते’ असे म्हणते, तेव्हा तिच्यावर विश्वास बसतो. त्या दिवसांत रांगेत खोळंबून राहणाऱ्यांत वैताग होता, पण द्वेष नव्हता.

ब्लिझार्डच्या ‘डायाब्लो ४’ने २०२३मध्ये चूक आणि सुधारणा दोन्ही एकाच आठवड्यात दाखवल्या. १८ जुलैला, म्हणजे पहिला हंगाम सुरू होण्याच्या दोन दिवस आधी, आलेल्या अपडेटमध्ये जवळपास सगळी पात्रे दुबळी झाली. तळघरातून बाहेर पडायला लागणारा वेळसुद्धा तीन सेकंदांवरून पाच सेकंदांवर नेला गेला. तीन दिवसांनी खेळाचे प्रमुख डेव्हलपर थेट प्रक्षेपणात आले, खेळाडूंना यात मजा वाटत नाही हे आपल्याला कळते असे त्यांनी सरळ म्हटले, असा अपडेट पुन्हा आणणार नाही असे सांगितले आणि यापुढे बदलांची यादी अपडेटच्या आधीच प्रसिद्ध करण्याचे आश्वासन दिले. दोन सेकंदांचा फरक बाहेरच्याला हास्यास्पद वाटेल, पण संध्याकाळी शंभर वेळा करावी लागणारी कृती दोन सेकंदांनी लांबली की तो फरक हाताला जाणवतो. असा बदल का केला याचे कारण यादीत नसेल, तर केवळ आपला वेळ खाण्यासाठी तो केला, असाच अर्थ लावला जातो.

खेळाडूंना मतदानाचा अधिकार द्यावा, असा उपाय काही जण सुचवतात. जॅगेक्स कंपनीच्या ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये २०१३पासून तशी पद्धत आहे. नवी भर घालायची तर आधी ७५ टक्के आणि आता ७० टक्के मते अनुकूल पडावी लागतात. ही पद्धत निर्माण होण्यामागे मोठा धडा आहे. मूळ ‘रूनस्केप’मध्ये २००७च्या अखेरीस आणि २००८च्या आरंभी, खेळातील सोने खऱ्या पैशांत विकणाऱ्यांना आळा घालण्यासाठी खेळाडूंमधील मुक्त व्यापार बंद केला गेला. कंपनीने कारण लपवले नव्हते आणि तरीही असंख्य लोक दुखावले, अनेकांनी खेळ सोडला. पुढे सार्वमत घेतले तेव्हा १२ लाखांहून अधिक मते पडली, त्यांतील सुमारे ९१ टक्के मते मुक्त व्यापार परत आणण्याच्या बाजूने होती आणि फेब्रुवारी २०११मध्ये तो परत आला. प्रामाणिकपणे सांगितले म्हणजे लोक खूश होतातच असे नाही, हे या उदाहरणावरून मान्य करावे लागते. पण कंपनी आणि खेळाडू यांच्यात बोलण्याची वाट शाबूत राहिली, म्हणूनच तीन वर्षांनी प्रश्न पुन्हा विचारता आला. मतदान प्रत्येक खेळाला झेपेल असे मला वाटत नाही. आपले आवडते शस्त्र दुबळे करायला कोणीही मत देणार नाही, आणि समतोल राखण्याचे काम जाणकारांनीच करायचे असते.

प्रातिनिधिक मंडळाचा प्रयोगही झालेला आहे. आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळयानांच्या खेळात २००८पासून खेळाडूंनी निवडून दिलेली परिषद असते. २०११च्या जूनमध्ये तेथे खेळातील पात्राला घालायचा, साठ डॉलरहून अधिक किमतीचा एकनेत्री चष्मा विक्रीला आला आणि त्याच सुमारास कंपनीचे अंतर्गत वार्तापत्र बाहेर फुटले. त्यात पैसे मोजून मिळणाऱ्या वस्तूंविषयी जी मोकळी चर्चा होती, ती खेळाडूंना जाहीरपणे सांगितल्या गेलेल्या गोष्टींशी जुळत नव्हती. खेळातील मुख्य बाजारपेठेत शेकडो याने निषेधासाठी जमली. परिषदेच्या सदस्यांना तातडीने रेकयाविकला बोलावून चर्चा करावी लागली, आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या प्रमुखांनी खेळाडूंना माफीचे पत्र लिहिले. चष्मा कोणी घ्यावा अशी सक्ती नव्हती. आतली भाषा आणि बाहेरची भाषा वेगळी आहे, हे कळल्यामुळे लोक उठले होते. कंपन्यांनी आपल्या बैठकीत जे कारण एकमेकांना सांगितले, तेच कारण बाहेर सांगता येते का, ही कसोटी प्रत्येक घोषणेला लावली तर निम्मे वाद होणारच नाहीत, असे माझे मत आहे.

खेळाडूंच्या बाजूनेही मला कठोर बोलले पाहिजे. जुलै २०१३मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स २’मधील एका स्नायपर बंदुकीच्या दोन गोळ्यांमधले अंतर ०.२ सेकंदांवरून ०.४ सेकंद केले गेले, आणि तेवढ्यासाठी खेळाच्या डिझाइन प्रमुखांना व त्यांच्या कुटुंबाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. बंगीच्या कर्मचाऱ्यांना झालेल्या छळानंतर २०२२मध्ये त्या स्टुडिओने खेळाडूंशी थेट बोलणे कमी केल्याचे सांगितले. असे वागणाऱ्यांना खेळाडू म्हणून माझ्याकडून कोणतीही सहानुभूती नाही. धमकी हा अभिप्राय नसतो, तो गुन्हा असतो आणि त्याची किंमत बाकीचे सगळे मोजतात, कारण जो डेव्हलपर काल मोकळेपणाने कारणे लिहीत होता तो आज वकिलाने तपासलेली चार वाक्ये लिहून थांबतो. त्यातही सर्वाधिक मार बसतो तो कंपनीच्या वतीने खेळाडूंशी बोलणाऱ्या, कम्युनिटी मॅनेजर या पदावरील माणसांना. निर्णय त्यांनी घेतलेला नसतो, अनेकदा तो त्यांनाही आदल्या दिवशी कळलेला असतो आणि शिव्या मात्र त्यांच्या नावावर येतात. म्हणून मोठ्या निर्णयाच्या घोषणेखाली ज्याने तो घेतला त्याचे नाव असावे, हे मला कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठीसुद्धा आवश्यक वाटते. अधिकारी पडद्याआड आणि कनिष्ठ माणूस तोंडावर, ही व्यवस्था धोकादायक आहे.

हे सगळे खेळाडूंचे लाड आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी १२ सप्टेंबर २०२३चा दिवस आठवून पाहावा. त्या दिवशी खेळ बनवणाऱ्यांवरच ही वेळ आली. असंख्य लहान स्टुडिओ ज्या युनिटी या सॉफ्टवेअरवर आपले खेळ बांधतात, त्या कंपनीने जाहीर केले की १ जानेवारी २०२४पासून उत्पन्न व इन्स्टॉलेशनची ठरावीक मर्यादा ओलांडलेल्या खेळांना प्रत्येक नव्या इन्स्टॉलेशनमागे शुल्क भरावे लागेल. ते २० सेंटपर्यंत असू शकत होते आणि आधीच बाजारात आलेल्या खेळांनाही लागू होणार होते. इन्स्टॉलेशन मोजणार कसे, एकाच माणसाने खेळ काढून पुन्हा टाकला तर काय, दानासाठी वाटलेल्या प्रतींचे काय, या प्रश्नांना पहिल्या दिवसांत सुसंगत उत्तरे मिळाली नाहीत. जगभरच्या डेव्हलपरांनी तेव्हा जे लिहिले ते अगदी ओळखीचे होते: आम्ही ज्या अटींवर काम सुरू केले त्या तुम्ही मागाहून बदलता, आम्हाला न विचारता बदलता आणि वर आमच्याच भल्यासाठी म्हणता. दहा दिवसांत माफीसह अटी सौम्य झाल्या, जुन्या आवृत्तीवरील खेळ वगळले गेले, ऑक्टोबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले आणि सप्टेंबर २०२४मध्ये ते शुल्क रद्दच झाले. त्यावेळी रद्द करताना नव्या नेतृत्वाने वर्गणीचे दर वाढवत असल्याचे मात्र स्पष्ट सांगितले. दरवाढ कोणालाही आवडत नाही. पण ती सरळ शब्दांत, मुदत देऊन सांगितली गेली आणि पहिल्या वेळेसारखे वादळ उठले नाही. खेळाडू आपल्या डेव्हलपरांकडे जे मागतात, नेमके तेच डेव्हलपरांनी युनिटीकडे मागितले होते.

खेळांच्या कंपन्या हे पत्र वाचतील अशी माझी अपेक्षा नाही. विनंती आपल्याला आहे. अशा वादाची बातमी देताना संतापाचे आकडे जरूर द्यावेत, पण त्यासोबत निर्णय प्रत्यक्ष केव्हा झाला, तो केव्हा सांगितला गेला आणि मधल्या काळात त्या खेळाच्या नावावर काय काय विकले गेले, हे कंपनीला विचारून छापावे. कंपनीने उत्तर दिले नाही तर तसे छापावे. पॅच नोट्समध्ये तो बदल नोंदवलेला होता का, हेही पाच मिनिटांत तपासता येते. क्रिकेटच्या नियमात बदल झाला तर आपला क्रीडा प्रतिनिधी जुना नियम, नवा नियम आणि बदलामागचे कारण सांगितल्याशिवाय बातमी पुरी करत नाही. कोट्यवधी लोक रोज खेळत असलेल्या या खेळांच्या बातमीतही तेवढी माहिती यावी.

कळावे.

आपली,
एक नियमित वाचक